पार्वोनं कुत्र्याचं पिल्लू गेलं, आता त्याच अंगणात दुसरं आणायचंय. लस देऊनही गेलं मग लसीचा उपयोग काय?

रानातला_गडी (कोरेगाव)

नमस्कार मंडळी, जरा लांबड आहे पण वाचा. जूनमध्ये आमचं पिल्लू गेलं, मोती, अडीच महिन्यांचा. पेरणीची गडबड चाललेली, सोमवारी सकाळी त्यानं दूधभाकरीला तोंड लावलं नाही तर आम्ही म्हटलं जंत झाले असतील, दुपारी पिवळी फेसाची उलटी, रात्री जुलाब आणि पहाटे त्यात रक्त. वास असा की गोठ्यातला माणूस मी, तरी नाकाला रुमाल लावला. पाण्याच्या वाटीवर मान टाकून उभं राहायचं नुसतं, प्यायचं नाही. साताऱ्याला नेलं, शीची टेस्ट केली, पट्टीवर दोन रेघा येतात तसली, पार्वो निघाला. तीन दिवस सलाईन लावली, चौथ्या दिवशी गेलं.

आता माझा प्रश्न. त्याला ४५ व्या दिवशी इंजेक्शन दिलं होतं! मेडिकलमधून बाटली आणली आन गावातल्याच एकानं टोचली. २१ दिवसांनी दुसरं द्यायचं होतं ते पेरणीत राहून गेलं, माझीच चूक. पण एक तरी दिलेलं ना? मग कसं काय झालं?

जतला एकाकडं कारवानचं (शिकारी कुत्र्याची जात) पिल्लू बोलून ठेवलंय, आत्ता ४० दिवसांचं आहे, दिवाळीला आणायचं म्हणतोय. आमची आई म्हणते त्या जागेला दोष लागलाय, वर्षभर कुत्रं आणू नका. घरात थोरला वाघ्या आहे, गावठी, पाच वर्षांचा, त्याला आयुष्यात सुई टोचली नाही आणि त्याला काही झालं पण नाही. काय करू सांगा.

जतचा_पाव्हणा

वाईट वाटलं भावा. कारवान आणतोयस तर जपून, नाजूक पोटाची असतात, निदान आमच्याकडची तरी. आमच्यात दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी पार्वो निघतोच, इथं सगळे त्याला गॅस्ट्रो म्हणतात.

मला एक सांग, मेडिकलमधून बाटली आणली ती कशात आणली? बर्फ होता का? की खिशात टाकून गाडीवर? ही लस फ्रीजमधली, २ ते ८ अंशात ठेवायची. त्या छोट्या बाटलीत पावडरीची वडी असते ती जिवंत लस, दुसऱ्या बाटलीतलं पाणी घालून विरघळवली की लगेच टोचायची असते. मे महिन्याच्या उन्हात कोरेगावच्या रस्त्यावर अर्धा तास फिरली म्हणजे झालं कल्याण. आत काय उरलं देव जाणे, पण कार्डावर स्टिकर चिकटला की माणूस निवांत.

शिरवळवाली

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. दादा, बर्फाचं वरती सांगितलंय ते खरंच आहे, पण लस नीट थंड राहिली असती तरी तुमचं पिल्लू कदाचित वाचलं नसतं, कारण एका डोसवर भागत नाही. का ते सांगते.

व्यायल्यावर गाईचा चीक वासराला पाजतात ना, तसंच कुत्रीच्या चिकातून पिल्लाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. ती रक्तात पहिले काही आठवडे पिल्लाला सांभाळते आणि साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जाते. आता गंमत बघा (गंमत कसली, पंचाईतच), आईकडून आलेली ती शक्ती लसीतल्या विषाणूला पण शत्रूच समजते आणि मारून टाकते. म्हणजे ४५ व्या दिवशी दिलेली लस बऱ्याच पिल्लांत वायाच जाते. आणि मधे एक काळ असा येतो की आईची शक्ती खऱ्या पार्वोला अडवायला कमी पडते पण लसीला अडवायला पुरते. त्या फटीत पिल्लू सापडलं की संपलं. ही फट कुणाची सात आठवड्यांना पडते कुणाची बारा-चौदाला, आईनं किती दिलं आणि पिल्लानं किती चीक प्यायला त्यावर, बाहेरून कळायचा काही मार्ग नाही. म्हणून एकच डोस नाही, सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी देत राहायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे भरल्यावर. हे शेवटचं फार लोक चुकवतात, दोन झाले की कोर्स संपला म्हणतात. मग सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं झाल्यावर एक बूस्टर. पार्वोचा भाग त्यानंतर तीन वर्षं पुरतो, पण सेव्हन इन वनमध्ये (सात रोगांची एकच लस) लेप्टो असतो, म्हणजे उंदरांकडून येणाऱ्या रोगाचा भाग, तो दरवर्षी लागतो, रेबीज पण डॉक्टर सांगतील तसं.

वाघ्याचं म्हणाल तर पाच वर्षांत त्यानं कधीतरी गुपचूप पार्वो काढला असेल, मोठ्या कुत्र्यात बऱ्याचदा नुसता दोन दिवस मंदपणा येऊन जातो. तरी त्याला टोचून घ्या.

जुना_शिकारी

उगाच डॉक्टरांची घरं भरू नका. माझ्या कुत्रीला रक्ताचे जुलाब झालेले, नारळपाणी आणि हळद घालून ताक पाजलं, दोन कच्ची अंडी, चौथ्या दिवशी उठून भुंकायला लागली. आमच्या आज्याच्या वेळी कुठं होत्या लसी? वाड्यावर आठ-आठ कुत्री असायची, मरेपर्यंत जगायची.

विश्रामबाग_सांगली

मरेपर्यंत तर सगळेच जगतात काका 😀

आज्याच्या वेळी लस नव्हती कारण आज्याच्या वेळी हा रोगच नव्हता. कुत्र्यांचा पार्वो १९७८ च्या सुमाराला पहिल्यांदा उघडकीला आला, मांजरांच्या तसल्याच एका विषाणूचा भाऊबंद, आणि दोन वर्षांत जगभर पसरला. तुमची वाड्यावरची कुत्री त्याच्या आधीची.

आणि ताकाचं म्हणाल तर उलटी होत असलेल्या पिल्लाच्या तोंडात जबरदस्तीनं काही ओतू नका हो, फुफ्फुसात जातं, दुसरंच दुखणं. पार्वोवर हमखास औषध असं नाहीच, सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, आणि तोवर पिल्लाचं अंग लढतंय का बघायचं. आतड्याचं अस्तर सोलून निघतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पण कमी होतात, त्यामुळं बारीक जंतू पण घुसतात. तुमची कुत्री वाचली ती तिच्या नशिबानं, ताकानं नाही. माझं लॅब्रॅडॉर वाचलं पण आठवडाभर रोज दोन वेळ सलाईन, मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून दवाखान्याच्या बाकावर त्याचा पाय धरून बसायची, सुई निघू नये म्हणून. त्या आठवड्याच्या बिलात लसीचे सगळे डोस तीन-चार कुत्र्यांना झाले असते.

शिरवळवाली ताई, लेप्टोचं बरं आठवण केलीत. २०१९ च्या पुरात आमच्या भागात पाणी शिरलं तेव्हापासून मी तो डोस चुकवत नाही, उंदराच्या मुतातून पाण्यात येतो.

रानातला_गडी

बाटली खिशात नव्हती पण पिशवीत होती, बर्फबिर्फ काय नव्हता. दुकानदारानं काही सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

मग अंगणाचं काय? आईचं काय सांगू?

शिरवळवाली

आईंना सांगा तुमचं बरोबर आहे, फक्त दोष जागेचा नाही, विषाणूचा आहे. हा विषाणू भयंकर चिवट. अंगणात उन्हाच्या जागी पाच महिने आणि सावलीत सात महिने टिकतो असं धरून चालतात, घरात कोपऱ्यात पण महिनोन् महिने. तुमचं पिल्लू जूनमध्ये गेलं, आत्ता ऑक्टोबर, म्हणजे अजून तो तिथं आहे असंच समजा. फिनेलनं मरत नाही, डेटॉलनं नाही. ब्लीच लागतं. फरशी आधी साबणानं घासून घाण काढायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. त्याची जुनी वाटी, पट्टा, गोणपाट असेल तर टाकूनच द्या. मातीवर ब्लीचचा काही उपयोग होत नाही, तिथं ऊन आणि वेळ, बास.

जतचा_पाव्हणा

मी असतो तर काय केलं असतं सांगतो. पिल्लू दिवाळीला आणायचंच नाही. मालकाला सांग पहिला डोस तिथंच दे, दोन महिने आईजवळ राहू दे, कार्डावर स्टिकर बघूनच पैसे दे. आणि आणल्यावर अंगणात पाय टेकवू नको, माळवदावर नाहीतर वरच्या खोलीत ठेव जिथं मोती कधी गेला नव्हता. चपला जिन्याखाली. माणसाला पार्वो होत नाही पण माणूस चपलेला लावून आणतो. वाघ्याच्या पायाला पण लागून येतो, त्यामुळं सोळा आठवड्यांचा डोस होऊन पंधरा दिवस जाईपर्यंत दोघांची गाठ घालू नको.

रानातला_गडी

बरं. जतला फोन केला, मालक तयार आहे, म्हणाला डॉक्टर गोठ्यावर येऊन बर्फाच्या डब्यातून देतात, फोटो पाठवतो. आईला विषाणू सांगितला तर म्हणाली तेच तर मी म्हणत होते.

वाघ्याला काल साताऱ्याला नेला. पाच वर्षांत पहिल्यांदा गाडीत बसला, पोवई नाक्यापर्यंत माझ्या मांडीवर मुतला, सुई टोचली तेव्हा मात्र हूं का चूं नाही. मोतीचं गोणपाट अजून गोठ्यात खुंटीला होतं, आज सकाळी जाळलं.