लाकडी ल्यूरचा रंग का सुटतो?

पांगाऱ्याच्या लाकडाचे ल्यूर, म्हणजे मासे पकडण्याची कृत्रिम आमिषे, दोन-तीन दिवस पाण्यात वापरले की रंगाला फोड येतात, ही तक्रार माझ्या मते रंगाची नसून लाकडात शिरलेल्या पाण्याची आहे. गिरणा धरणावर मरळ मासे पकडण्यासाठी वापरलेले माझे असेच खराब झालेले ल्यूर मी चिरून पाहिले, तेव्हा प्रत्येक वेळी पोटात वजनासाठी बसवलेल्या शिशाच्या भोकाभोवतीच लाकूड ओले आणि काळसर पडलेले आढळले.

पांगारा हलका असल्याने तरंगतो छान, परंतु पाणीही तितक्याच वेगाने शोषतो. म्हणून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर लाकूड ओल्या फडक्याने पुसावे, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा हलक्या हाताने घासावेत आणि मगच सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या लेपाचे) पातळ हात द्यावेत. गळ अडकवायच्या तारेची चीर, शिशाचे भोक आणि तोंडाशी बसवायच्या पातळ पट्टीची, म्हणजे ओठाची, खाच यांच्या आतपर्यंत सीलर पोहोचलाच पाहिजे. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३०च्या दशकात बुचाचे ल्यूर कोरले, तेव्हा त्यावर वितळवलेल्या फोटो फिल्मचा लेप दिला होता, तो याच कारणासाठी.

शेवटचा हात इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या पारदर्शक लेपाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या उन्हात कालवलेले इपॉक्सी वाटीतच तापून घट्ट होते, म्हणून ते पहाटे आणि एका वेळी दोन ल्यूरपुरतेच कालवावे, व लेप पोटाकडे ओघळू नये यासाठी घट्ट होईपर्यंत ल्यूर सावकाश फिरवत ठेवावा.