गेममधील सामुराई तलवारबाजी: वार खरोखर असे अडवत असत का?

प्रश्न (रानवाट):
'सेकिरो' (२०१९) आणि 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) हे गेम खेळताना एक शंका सतत मनात येते. बचावाचे बटण दाबून धरले की पात्र तलवार आडवी धरून उभे राहते, एकामागून एक वार तिच्यावर आदळतात आणि तलवारीला काहीच होत नाही. प्रत्यक्षात असे वार धारेवर झेलले, तर धारेला खांडे पडणार नाहीत का? जपानमधील तलवारबाजीच्या जुन्या घराण्यांत बचाव नेमका कसा शिकवत? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर (पोलादी):
खांडे नक्कीच पडतील. जपानी पात्याला पाणी देण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप चढवतात. हा लेप धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड असल्यामुळे धार झटकन निवून अतिशय कठीण होते, तर पाठ तुलनेने मऊ आणि चिवट राहते. अशी कठीण धार दुसऱ्या धारेवर आदळली की तिचा टवका उडतो. म्हणूनच वार शक्यतो पात्याच्या अंगावर, 'शिनोगी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांबट उंचवट्यावर घ्यावा, अशी शिकवण आढळते.

'उके-नागाशी' हे त्याचे उत्तम उदाहरण. अखिल जपान केंदो (जपानी तलवारबाजी) महासंघाच्या इआई, म्हणजे म्यानातून तलवार उपसतच लढण्याच्या, प्रकारांत तो तिसरा आहे. डावीकडून वार येताच तलवार उपसत मूठ डोक्याच्या वर नेतात आणि टोक डावीकडे खाली झुकते ठेवतात. शत्रूचे पाते त्या उतारावरून घसरून जाते, तोवर पावले वाराच्या रेषेतून बाजूला सरकलेली असतात आणि त्याच ओघात प्रतिवार खाली येतो. येथे वार अडवून थांबण्याचा क्षणच नाही. गेममध्ये मला नेमकी हीच उणीव सर्वाधिक खटकते.

उत्तर (संथ पाऊल):
सहमत आहे, परंतु 'सेकिरो'ला थोडे श्रेय द्यायलाच हवे. वार पोहोचण्याच्या क्षणीच बटण दाबले, तर वार परतवला जातो आणि शत्रूचा तोल ढळत जातो. ही वेळ साधण्याची जाण खऱ्या सरावाच्या बरीच जवळची आहे. १९१२ साली ठरवलेल्या केंदो काताच्या (ठरावीक हालचालींच्या सरावसंचाच्या) पाचव्या प्रकारात डोक्यावर येणारा वार डाव्या शिनोगीने वर घासत उडवून लगेच प्रतिवार करतात. ते पाहिले की साम्य लक्षात येईल. मात्र त्याच गेममध्ये बटण दाबून धरल्यास स्वतःचा ढळलेला तोल अधिक वेगाने सावरतो, हे मला पटत नाही. प्रसिद्ध जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीने तर बजावले आहे की शत्रूची तलवार अडवणे असो वा तिला नुसता स्पर्श करणे असो, ती शत्रूला कापण्याचीच संधी मानावी.

उत्तर (धनुर्धर):
'त्सुशिमा'बाबत काळाचाही विचार करावा. १२७४ मधील मंगोल आक्रमणाच्या वेळी सामुराई हा प्रथम घोडेस्वार धनुर्धर होता. त्याच्या कमरेला धार खाली ठेवून लटकवलेली 'ताची' असे. धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचायची कताना नंतर रूढ झाली. हातात ढाल नसली, तरी खांद्यांवरचे 'ओ-सोदे' हे रुंद पट्टे बाण आणि वार झेलण्यासाठीच असत. शिवाय चिलखतावर तिरके वार फारसे चालत नाहीत. त्यामुळे चिलखती लढतीसाठी जपलेल्या तंत्रांत काख, गळा, मनगट अशा उघड्या जागांवरच रोख असतो. गेममध्ये चिलखती योद्धाही चार-पाच सपासप वारांत कोसळतो, ही चूक मला बचावाच्या चुकीपेक्षा मोठी वाटते. याउलट १९९७ च्या 'बुशिदो ब्लेड'मध्ये वर्मी बसलेला एकच वार लढत संपवत असे आणि पायावर वार बसला, तर खेळाडूला गुडघ्यावर टेकून लढावे लागे. असा धोका समोर असला की बटण दाबून उभे राहण्याची सवय आपोआप सुटते.