खांदा बसला, पुढे काय?

कबड्डीत तुमच्या मुलाचा खांदा निखळला आणि गावातल्या हाडवैद्यानं तो एका झटक्यात बसवला, हे वाचून धस्स झालं. बसला असेलही, पण एक्स-रे काढून घ्याच. निखळताना वाटीच्या (दंडाच्या हाडाचा गोळा जिथे बसतो त्या खोबणीच्या) कडेचा टवका उडालेला असू शकतो, ते बाहेरून कळत नाही. दंडाच्या वरच्या भागात बाहेरच्या बाजूला बधिर वाटतंय का, हेही विचारा. तिथे जाणारी नस ताणली गेलेली असू शकते.

माझा खांदा 35व्या वर्षी निखळला, तोही बाथरूममध्ये घसरून (मैदानात पडलो असतो तर सांगायला तरी बरं!). 3 आठवडे हात गळ्यातल्या झोळीत. ती सुटली की संपलं असं वाटलं होतं, पण खरं काम तिथून सुरू झालं. आधी ओणवं होऊन हात लंबकासारखा झुलवायचा, मग भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, शेवटी रबरी पट्टा ताणायचा. बनियन स्वतः काढता आलं त्या दिवशी घरात पेढे वाटायचे बाकी होते.

मुलगा 17 वर्षांचा आहे म्हणता, म्हणून जास्त काळजी. या वयात पुन्हा निखळण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा बरीच जास्त, कारण वाटीच्या कडेची कूर्चा बहुतेकदा फाटलेली असते. दुसऱ्यांदा निखळला तर एमआरआय करून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल अस्थितज्ज्ञांशी बोला. तोवर हात वर आणि मागे नेऊन काही फेकणं बंद. कबड्डी तर निदान 3-4 महिने नकोच, कितीही रुसला तरी.