मदत हवी आहे : नायिकेचे मन पडद्यावर आणणारे चित्रपट

इंदूरच्या आमच्या वाचक मंडळात ई. एल. जेम्स यांच्या ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ (२०११) या कादंबरीवर आणि तिच्यावरील २०१५ च्या चित्रपटावर मला बोलायचे आहे. कादंबरी नायिकाच सांगत असल्याने तिची धास्ती आणि ओढ आतून जाणवते. चित्रपटाने ते स्वगत गाळले आणि सारे कोरडे पडले, याची फार हळहळ वाटते. लांब टेबलाशी बसून नायिका नायकाने पुढे ठेवलेल्या, दोघांच्या शरीरसंबंधांच्या अटींच्या करारातली कलमे खोडायला लावते, तो प्रसंग तेवढा जिवंत आहे. तुलनेसाठी ‘द लव्हर’ (१९९२) पाहिला, पण त्यात निवेदिकेचा आवाज आहे. भाषा कोणतीही चालेल, मात्र हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षके हवीत. मंडळी सर्व प्रौढ आहेत. प्रथमपुरुषी प्रेमकादंबरीवर बेतलेला, निवेदनाचा आधार न घेता केवळ अभिनय आणि कॅमेऱ्यातून नायिकेचे मन उलगडणारा चित्रपट आपण कोणता सुचवाल?