मदत हवी आहे: सहापैकी दोन लोरावॅन नोड जॉइनच होईनात

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमची मळीची जमीन आहे. उसातली ओल मोजायला सहा लोरावॅन नोड केलेत (कमी बॅटरीत लांबवर रेडिओनं आकडे पाठवणारी सेन्सरची यंत्रं), ते आकडे झेलून इंटरनेटवरच्या सर्व्हरला देणारा गेटवे घराच्या स्लॅबवर टाकीशेजारी. रात्री-अपरात्री उपशाची मोटर सुरू करायला जायचं आणि तिथं गेल्यावर कळायचं की सरीत अजून चिखल आहे, हे थांबावं म्हणून खटाटोप. (आबांचं म्हणणं, ढेकूळ फोडलं की ओल कळते, त्याला अँटेना कशाला.)

घरी टेबलावर सहाही जॉइन झाले होते, म्हणजे सर्व्हरनं त्यांना नेटवर्कात घेतलं होतं. मग बॅटऱ्या काढल्या, नोड डब्यांत बसवले, शेतात नेऊन परत बॅटऱ्या घातल्या. एक ते चार थोड्या वेळात जॉइन झाले. पाच आणि सहा काही केल्या होईनात.

आधी संशय उसावर, कारण तो डोक्यावर गेलाय आणि ओला पाला सिग्नल खातो. पण दोघांच्या जॉइन रिक्वेस्ट कन्सोलवर (सर्व्हरच्या वेबपानावर) दिसतात, सिग्नलही चांगला: आरएसएसआय (ताकद) उणे ९८, एसएनआर (गोंगाटाच्या किती वर) ७. सहा नंबर उपटून घरी आणला, तरी तेच. फ्रिक्वेन्सी प्लॅन भारताचाच, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. जॉइनचे तिन्ही चॅनेल (८६५.०६२५, ८६५.४०२५, ८६५.९८५) तपासले. उत्तर ऐकायच्या वेळा ५ आणि ६ सेकंद, दुसरी ८६६.५५ वर, एसएफ (रेडिओचा वेग ठरवणारा आकडा) १०, तेही बरोबर.

डोकं फिरवणारी गोष्ट पुढं आहे. पाच नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप जॉइन झाला! कुणी हात लावला नव्हता. खुशीत डबा नीट करायला बॅटरी काढून घातली, की परत बोंब.

सर्व्हर द थिंग्ज नेटवर्क, नोड लोरावॅन आवृत्ती १.०.४, ओटीएए (रिक्वेस्ट पाठवून जॉइन व्हायची पद्धत).

प्रतिसाद
भावा, रिक्वेस्ट पोचतेय तर रेडिओचा नाद सोड. त्या ओळीवर क्लिक कर आणि नाकारल्याचं कारण वाच. 'मिक मिसमॅच' (किल्ली जुळत नाही) आहे की 'डेव्हनॉन्स टू स्मॉल' (रिक्वेस्टमधला आकडा लहान पडतोय)? आणि टेबलावर याच दोघांनी काही त्रास दिला होता का?

धागाकर्ता
डेव्हनॉन्स टू स्मॉल. आणि हो, दिला होता. या दोघांच्या अ‍ॅपकी (गुप्त किल्ल्या) कन्सोलवर मी उलटसुलट टाकल्या होत्या, अख्खी दुपार मिक मिसमॅच येत होतं. पण ते तेव्हाच दुरुस्त केलं की.

प्रतिसाद
तिथंच पाणी मुरतंय. डेव्हनॉन्स म्हणजे नोड दर जॉइन रिक्वेस्टसोबत पाठवतो तो आकडा. १.०.३ पर्यंत तो रँडम असायचा. १.०.४ मध्ये तो साधी मोजणी आहे, दर रिक्वेस्टला एकानं वाढतो, आणि सर्व्हर शेवटी मान्य केलेल्यापेक्षा मोठाच घेतो. कुणी जुनी रिक्वेस्ट पकडून परत सोडू नये म्हणून. त्या दुपारी तुझ्या दोघांची मोजणी चढत गेली आणि तशा चढलेल्या आकड्यावर ते जॉइन झाले. बॅटरी काढलीस, आकडा शून्य, कारण तुझा नोड तो फ्लॅशमध्ये (बॅटरी गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवत नाही. दुखणं सहांनाही आहे. पण पहिले चार टेबलावर लगेच जॉइन झाले होते, त्यांना दोन-तीन पायऱ्याच चढायच्या होत्या. पाच नंबर रात्रभर मोजत बसला आणि जुना आकडा ओलांडल्यावर आत आला.

आजच्यापुरतं: डिव्हाइसच्या जॉइन सेटिंगमध्ये 'रिसेट्स जॉइन नॉन्सेस' चालू कर. तसंच ठेवू नकोस, जुन्या रिक्वेस्टपासूनची राखणच उठते. खरा इलाज फर्मवेअरमध्ये (नोडच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये): आकडा फ्लॅशमध्ये लिहून ठेव.

धागाकर्ता
दोन्ही जॉइन झाले! मी चार दिवस उसाला शिव्या घालत होतो. आता फर्मवेअरमध्ये आकडा जॉइन झाल्यावर लिहू की दर रिक्वेस्टला?

प्रतिसाद
दर रिक्वेस्टला, आणि पाठवायच्या आधी. मधेच बॅटरी गेली तर एखादा आकडा वाया जाईल, तो चालतो. तोच आकडा दोनदा गेलेला चालत नाही.