एप्रिलात बोर्दो रेड आणि स्टेक: बाटली किती गार करायची?

पैठणगेट:
शनिवारी चौघांसाठी स्टेक करायचाय. म्हशीचा अंडरकट (कण्यालगतचा मऊ भाग) सांगून ठेवलाय, 3 सेंटिमीटर जाडीचे तुकडे. सोबत मधल्या भावातली बोर्दो रेड, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाइन, लेबलवर मेदोक (बोर्दोतलाच एक पट्टा), 2019. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला देतात म्हणे, पण इथं संभाजीनगरात खोलीच 34 अंशांवर आहे. बाटली उघडायची कधी? आणि मांसाला काळा मसाला चोळला तर चालेल का?

गोदाकाठ:
ते रूम टेम्परेचर तिकडच्या जुन्या दगडी घरांचं. पेल्यात 16 ते 18 अंश पाहिजेत. 34 वर ओतली तर नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो, फळाचा वास दबतो. ‘अर्धा तास फ्रीज’ हा सल्ला आपल्याकडं पुरत नाही, दोन-अडीच तास धरा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, बाटली मानेपर्यंत बुडवून 20 मिनिटं. नुसता बर्फ नको, तो काचेला सगळीकडून टेकत नाही. पण 10-12 अंशांपर्यंतही नेऊ नका, तुरटपणा टोचायला लागतो.

नुसतं बूच काढून ठेवण्यात अर्थ नाही, हवा लागते ती मानेतल्या रुपयाएवढ्या जागेला. रुंद काचेच्या जगात ओता, जग गार पाण्याच्या परातीत ठेवा, 45 मिनिटं बस्स.

बिडाचा_तवा:
मेदोक म्हणजे बहुधा कॅबर्ने सोव्हिन्यॉं या द्राक्षाचा जोर. जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते तसा तुरटपणा. मांसातली प्रथिनं आणि चरबी तो सौम्य करतात. अडचण अशी की अंडरकट मऊ असला तरी त्यात चरबी जवळजवळ नसते, ती वरून द्यावी लागते.

मीठ 40 मिनिटं आधी. तव्यावर टाकताना तुकडे कोरडे पुसा, ओले राहिले तर भाजण्याऐवजी उकडतात. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, थोडं तेल, दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिनिटं. एका वेळी दोनच तुकडे, नाहीतर तवा थंड पडतो. मग आच कमी करून 30 ग्रॅम लोणी, ठेचलेला लसूण, आणि ते लोणी मिनिटभर चमच्यानं वर ओतत राहा. आत 52 अंश झाले की काढा. 6 मिनिटं ठेवलं की 54-55 होतात. पार शिजवलात तर रस जातो आणि त्यावर हीच वाइन तोंड कोरडं करते.

काळा मसाला नको. तिखटावर अल्कोहोल जास्त जाळतो, आणि भाजलेल्या खोबरं-दगडफुलापुढं वाइनचा वास टिकत नाही. जाडसर मिरी पुरे. ठेचा ताटात आला तर बाटली वाया गेलीच समजा.

पैठणगेट:
चौघांतले दोघं तिखटाशिवाय जेवत नाहीत हो!

गोदाकाठ:
त्यांना काळ्या मसाल्याचं मटण आणि गार बीअर द्या, वाइन दोघांत पुरेल. आणखी बाटली घ्यायची झाली तर बोर्दोतलीच सेंत-एमिलियॉं गावची बघा; तिथं मर्लो द्राक्ष जास्त, बिनचरबीच्या मांसाला सोपी जाते. घेताना बूच वर सरकलंय का, कडेनं ओघळ आहे का ते पाहा. उन्हात तापलेल्या बाटलीची तीच खूण, आत मुरंब्यासारखी शिजकी चव निघते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. कितीही वेळ जगात ठेवा, जाणार नाही.