शब्दचर्चा : बर्बन खरपूस, स्कॉच धुरकट, मग सगळ्यांना एकच ‘कडक’ का?

गोदाकाठ

नाशिकला गंगापूर रोडवर एका मित्राच्या गच्चीवर आमचं अधूनमधून बसणं होतं. या वेळी व्हिस्कीच्या चार बाटल्या मुद्दाम शेजारीशेजारी ठेवल्या: जिम बीम आणि मेकर्स मार्क या दोन बर्बन, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्की, तिकडचीच जॅक डॅनियल्स आणि आपली बंगळूरची अमृत. प्रत्येकाला तीस-तीस एमएल. सोडा नाही, बर्फ नाही, हवं तर चमचाभर पाणी. घोट घेतला की काय वाटलं ते मराठीत सांगायचं. सगळे ग्लास फिरून झाले आणि शब्द निघाले दोनच, ‘कडक’ आणि ‘स्मूथ’. त्यातला एक तर आपला नाहीच.

चवी मात्र अगदी वेगवेगळ्या होत्या. मेकर्स मार्क ओतल्याबरोबर नाकात नुसता स्पिरिटचा झणका येतो. थोडा वेळ ठेवून चमचाभर पाणी घातलं की तो खाली बसतो आणि वर येतो काकवीचा वास, त्यामागून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा. जिम बीममध्ये तेच आहे, पण जिभेच्या कडांना मिरमिरतं. अमृतला काकवी कमी आणि धान्याचा वास जास्त. हे सगळं ‘कडक’मध्ये कसं मावणार?

मला तीन ठिकाणी शब्द अडले. बर्बनची लाकडी पिंपं आतून जाळून काळी करतात, इंग्रजीत ‘चार’ (char) करतात, त्या क्रियेला काय म्हणावं? ‘सोअर मॅश’ला काय म्हणावं? आणि घोट गिळल्यावर जी चव उरते, जिला ‘फिनिश’ म्हणतात, तिला काय म्हणावं?

शब्दवेडी

तुमच्या प्रश्नांआधी ‘कडक’बद्दल. शब्द वाईट नाही, पण तो जोर सांगतो, चव सांगत नाही. कडक चहा, कडक ऊन, कडक इस्त्री, सगळीकडे तेच. दारूतला जोर मोजायला आकडा आहे, त्यामुळे तिथे विशेषणावर भागवायची गरजच नाही. बर्बन बाटलीत भरताना किमान ४० टक्के अल्कोहोल असावंच लागतं. ‘बॉटल्ड इन बाँड’ लिहिलेली असेल तर बरोबर ५० टक्के. त्याचा अमेरिकेतला कायदा १८९७ चा. एकाच डिस्टिलरीतली, एकाच हंगामातली आणि किमान ४ वर्षं पिंपात मुरलेली, अशा त्याच्या अटी आहेत.

लेबलवर ‘१०० प्रूफ’ दिसलं की अमेरिकन हिशेबात त्याचं निम्मं करायचं, म्हणजे ५० टक्के. हा ‘प्रूफ’ शब्द इंग्लंडातल्या जुन्या परीक्षेतून आला असं सांगतात: बंदुकीची दारू स्पिरिटमध्ये भिजवायची आणि पेटवायची, पेटली तर माल खरा. मराठीत दोन्हींना ‘दारू’च म्हणतात. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्याकडे तो शब्द दारूगोळ्यातही गेला आणि गुत्त्यातही.

दिंडोरीकर

मी वाईनरीत पिंपांबरोबरच काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नावर बोलतो. ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला आहे आणि तिकडे त्याचा अर्थ दारूचं लाकडी पीपच. तेव्हा बॅरलला पिंप म्हणायला कुणी कचरू नये.

आता ‘चार’. आमच्याकडे वाईनला येणारी ओकची पिंपं ‘टोस्ट’ केलेली असतात. मंद आचेवर आतून तांबूस होईपर्यंत धरलेली. त्याला ‘शेकणं’ अगदी चपखल बसतं. बर्बनचं पिंप शेकत नाहीत, त्याला आतून सरळ पेटवतात. नेहमीच्या प्रकारांत सगळ्यात खोल ४ नंबरचा, त्यात साधारण ५५ सेकंद ज्वाळा आत खेळते. लाकूड मगरीच्या पाठीसारखं तडकतं आणि आतल्या बाजूला खरोखरचा कोळसा होतो. म्हणून ‘कोळसवणं’. शेकलेलं पिंप वाईनचं, कोळसवलेलं पिंप बर्बनचं. हा फरक जपलाच पाहिजे, कारण चवीतला सगळा फरक तिथून सुरू होतो.

गोदाकाठ

‘कोळसवणं’ एकदम मान्य.

आणि ते पिंप कोरंच लागतं. बर्बनची अटच तशी आहे: धान्यात किमान ५१ टक्के मका, पिंप नवं कोळसवलेलं ओकचं, पिंपात भरताना जोर ६२.५ टक्क्यांच्या वर नाही, आणि वरून रंग किंवा स्वाद काहीही घालायचा नाही. बर्बनचा तो तांबडा रंग सगळा लाकडाचा. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे. त्यामुळे ‘गडद म्हणजे जुनी’ हा आपल्याकडचा समज स्कॉचला लावू नये.

कोळशाच्या थराखाली लाकडातली साखर तापून तांबूस झालेली असते, काकवी तिथून येते. व्हॅनिलाचा वास लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकातून येतो. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा. या सगळ्याला मिळून मराठीत एक शब्द आहे आणि तो आपण रोज वापरतो: खरपूस. भाजण्याच्या ऐन योग्य क्षणाला खरपूस म्हणतात, त्याच्या पुढे गेलं की करपट. बर्बन चांगली असली तर खरपूस. लाकडात फार वर्षं राहिली तर करपट आणि तुरट होते. दोन शब्दांत अख्खी परीक्षा झाली.

स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या माल्टला, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या व्हिस्कीला, मात्र खरपूस म्हणू नका. तिथे सातू वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत साठून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर कापून वाळवलेलं जळण. चव त्याच्या धुराची, भाजण्याची नाही. ती धुरकट. आणि काही बाटल्यांत टिंक्चर आयोडीनचा जो वास येतो, त्याला ‘औषधी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

पेठरोड

एक शब्द कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. पहिल्या धारेची.

आमच्या पेठ-सुरगाणा पट्ट्यात मोहाच्या दारूला ही सगळ्यात मोठी पावती. पुढे ती बोलण्यात सगळीकडे गेली, पहिल्या धारेचा विनोद, पहिल्या धारेचं गाणं. अर्थ एकच, जोरदार आणि बिनभेसळ. पण माल्टच्या डिस्टिलरीत उलटं आहे. तांब्याच्या भांड्यातून येणारी पहिली धार बाजूला काढतात, कारण हलकी, झोंबणारी, नकोशी द्रव्यं आधी उडून येतात. शेवटची धारही जड आणि कुबट वासाची, तीही वेगळी करतात. पिंपात जाते ती मधली. त्यामुळे चांगल्या व्हिस्कीला ‘पहिल्या धारेची’ म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘मधल्या धारेची’ म्हणा.

दुसरा शब्द, सडवा. आंबवलेल्या धान्याच्या पाण्याला इंग्रजीत मॅश किंवा वॉश म्हणतात. आपल्याकडे भट्टीवर धाड पडल्याच्या बातमीत ‘इतके लिटर सडवा नष्ट’ असं छापून येतं, तोच पदार्थ. शब्द बदनाम आहे, पण आहे नेमका.

शब्दवेडी

सडवा फार छान! मग सोअर मॅशला ‘विरजण लावलेला सडवा’ म्हणता येईल का? आधीच्या खेपेचं थोडं पुढच्या खेपेत घालतात, म्हणून.

दिंडोरीकर

नको, ताई. विरजण जिवंत असतं, दूध त्याच्यामुळेच लागतं. सोअर मॅशमध्ये आधीच्या खेपेचं जे घालतात ते भट्टीतून उकळून आलेलं, अल्कोहोल निघून गेल्यावर उरलेलं आंबट पाणी असतं. त्यात आंबवणारं काही शिल्लक नसतं. यीस्ट वेगळं घालावंच लागतं. त्या पाण्याचं काम सडवा पुरेसा आंबट ठेवणं एवढंच, म्हणजे नको ते जंतू वाढत नाहीत आणि प्रत्येक खेप सारखी निघते. ‘आंबट पाण्याचा सडवा’ म्हणा, लांब आहे पण खोटं नाही. आणि बर्बनवाले जवळजवळ सगळेच हे करतात, त्यामुळे लेबलवर ते लिहिलेलं दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका.

कॉलेजरोड

माझ्या दोन शंका. ‘राय’ व्हिस्की म्हणजे राईची, मोहरीची का? आणि बर्बन बिस्किटाचा याच्याशी काही संबंध?

गोदाकाठ

राय हे गहू-सातूच्या कुळातलं थंड मुलखातलं धान्य, मोहरीशी नातं नाही. लिहिताना ‘राय’च ठेवावं, ‘राई’ केलं की घोटाळा. बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला बहुधा थोडी राय असते, मिरमिर तिचीच. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू आहे, म्हणून ती मऊ लागते. राय किमान ५१ टक्के घातली की तिचं नाव बदलून राय व्हिस्की होतं.

बिस्किटाच्या आणि दारूच्या नावाचं मूळ एकच, फ्रान्सचं बूर्बाँ राजघराणं. दारूला ते नाव केंटकीतल्या बर्बन काउंटीवरून पडलं की न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून, यावर दोन मतं आहेत. बिस्किटात दारू नसते.

जॅक डॅनियल्सबद्दल आमच्या गच्चीवर वाद झाला होता, तोही इथेच नोंदवतो. ती बर्बनच्या सगळ्या अटींत बसते. पण पिंपात जाण्याआधी मेपलच्या कोळशाच्या उंच थरातून थेंब थेंब झिरपवतात आणि स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते. इथे कोळसा दोनदा येतो, एकदा गाळणीत आणि एकदा पिंपात. गाळणीतला चव काढून घेतो, पिंपातला चव देतो.

दिंडोरीकर

एक भर घालतो. बर्बनला दर वेळी नवंच पिंप लागत असल्यामुळे वापरलेली पिंपं ढिगांनी विकली जातात. ती स्कॉटलंडला जातात आणि भारतातही येतात. आमच्या दिंडोरीत पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीची डिस्टिलरी आहे, लाँजिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट तिथलीच, तिच्यासाठीही बर्बनची पिंपं वापरतात. म्हणजे माल्टमधला खरपूसपणा उसना असतो, आणि धान्याच्या फरकाबरोबर तो कितपत उतरतो यामुळेही तुमची अमृत आणि जिम बीम वेगळ्या लागतात.

आपल्या हवेत मुरणंही झपाट्यानं होतं. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, बंगळूरला दहा-बारा टक्के. इंग्रजीत त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आडतीवर धान्याची ‘घट’ धरतात ना, तोच शब्द मी वापरतो.

शब्दवेडी

‘घट’ घेतला. फिनिश राहिलं. ‘शेवट’ नको, कारण चव तिथे संपत नाही.

पेठरोड

आमच्याकडे ‘मागची चव’ म्हणतात. मोहाची मागची चव गोड, काजूच्या फेणीची मागची चव उग्र.

गोदाकाठ

मागची चव. हेच घेऊ, आणि तिच्यासाठी क्रियापद ‘रेंगाळणं’. मग त्या चार बाटल्यांची नोंद अशी होते.

मेकर्स मार्क: मऊ, खरपूस, काकवीच्या वासाची, मागची चव गोडसर पण लवकर विरणारी. जिम बीम: खरपूस, थोडी मिरमिरीत, कच्च्या शेंगदाण्याची झाक, मागची चव कोरडी. जॅक डॅनियल्स: पिकलेल्या केळ्याचा वास, त्यामागे जळकी साखर, मागची चव किंचित कोळशाची. अमृत: धान्याची, संत्र्याच्या सालीची, जिभेला भरीव, मागची चव चौघींत सगळ्यात जास्त रेंगाळणारी.

पुढच्या बैठकीला एक राय आणि एक आयलाची आणायची आहे. कुणाला ‘धुरकट’ आणि ‘धुरकटलेली’ यांत फरक जाणवत असेल तर त्याआधी इथे लिहा, कारण पीटचा धूर सातूला दिलेला असतो, दारूला नाही, आणि मला वाटतं दुसरा शब्द जास्त बरोबर ठरेल.